पिंजाऱ्याची तार

हनीफ,

तुझ्या शोकसभेत सगळे दोन मिनिटं उभे राहिले तेव्हा कारखान्याच्या आवारात फक्त तुझी तार बोलत होती. ऑर्डर निघायची होती, त्यामुळे पॅकिंगचं मशीन बंद ठेवणं शेठना परवडणार नव्हतं. भिंतीपलीकडून दर पाकिटामागे एकदा, टणण्... टणण्... माणसं मान खाली घालून उभी. हा आवाज कोणाचा, हे त्यातल्या फार तर चौघांना माहीत असेल. शेठ त्या चौघांतले. ते घड्याळाकडे बघत होते.

बॅनर तू पाहायला हवा होतास. पोट धरून हसला असतास. शेठचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा. मेलेला कोण, हे नवख्या माणसाला खाली वाचूनच कळावं. तुझा वेगळा फोटो कारखान्यात नव्हताच, म्हणून कुठल्यातरी समारंभातल्या फोटोतून तुला कापून काढलं होतं. कापणाऱ्याचा हात घाईचा. तुझ्या डाव्या खांद्याला लागून कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाची बाही तशीच राहिली होती. मी पूर्ण वेळ त्या बाहीकडे बघत होतो. ती कोणाची ते पुढे सांगतो.

भाषणं झाली. ‘हनीफभाई कामगार नव्हते, आमच्या कुटुंबातले होते,’ असं शेठ म्हणाले. या कुटुंबाने तुला कितीदा जेवायला बसवलं हे त्यांनी सांगितलं नाही. दुसरे एक पाहुणे म्हणाले की, इटलीचं तंत्रज्ञान नंदुरबारच्या मिरचीपर्यंत आणण्याचं शेठजींचं स्वप्न साकार करणाऱ्या अनेक हातांपैकी दोन हात आज थांबले. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग मला बोलायला बोलावलं, कारण नगरपालिकेच्या शाळेत आपण एका बाकावर होतो आणि मी पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवलं. मी घसा बसल्याची खूण केली. घसा ठणठणीत होता. म्हणून हे लिहितोय, आणि रागाने लिहितोय. तुझ्यावरही राग आहे, तेव्हा सुटलो म्हणून खूश होऊ नकोस.

ते मशीन आलं तो दिवस आठव. लाकडी पेटाऱ्यातून इटलीचं मशीन उतरलं, शेठनी नारळ फोडला, मशीनला हार घातला. आठवडाभरात तेच मशीन आपल्या मिरचीपुढे हात टेकून बसलं. कॉफी, कोको, साखर, दुधाची पावडर असल्या सभ्य वस्तू भरण्याची त्याला सवय. आपली मिरची पूड तेलकट. हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या नरसाळ्यात, ती घसरून खाली यायच्याऐवजी आतल्या आत कमान करून बसायची आणि खाली पाकिटं अर्धीमुर्धी भरायची. मग पॅकिंगच्या बायकांनी घरून लाटणी आणली आणि त्या चकचकीत हॉपरला बडवायला सुरुवात केली. परदेशी पोलादाला लाटण्याचे पोचे पडलेले पाहून शेठना रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा तू मशीनचं जाडजूड पुस्तक घेऊन माझ्या ओट्यावर आलास. शुक्रवार होता, जुम्म्याच्या नमाजाहून थेट. "मास्तर, हाई काय लिखेल शे, वाच बरं." मी वाचून मराठीत सांगत गेलो. मिरचीचं नावही त्या पुस्तकात नव्हतं. "म्हंजे आपला इलाज त्यासनाजोडे नही," असं म्हणून तू चहा मागितलास.

पुस्तक संपलं तरी शुक्रवार सुटला नाही. तुला इटलीचं वेड लागलं. तुझ्या वर्कशॉपमध्ये आधीपासून ती फळी होतीच. भंगारात निघालेल्या यंत्रांच्या नावाच्या पितळी पाट्या काढून तू तिच्यावर ठोकायचास. त्यातल्या इटलीच्या कुठल्या, ते तू मला विचारू लागलास. एक पंपावरची, एक शिलाई मशीनवरची, एक जुन्या स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावरची. मी वाचायचो, शोधायचो, सांगायचो. तुरिनला मोटारी. मिलानला टायर. ट्रिएस्टच्या बंदरात जहाजांच्या धास्तीतून वाढलेला विमा. डोंगरातल्या खेड्यांत चष्म्याच्या फ्रेमा, पार्मात शेवया, आणखी एका गावात फरशा आणि फक्त फरशा. बोलोन्याच्या आसपास पॅकिंगची यंत्रं, त्यात आपलंही. तेल, वीज, हेलिकॉप्टर अशा मोठ्या कंपन्यांत सरकारचा हात असतो असं सांगितलं तेव्हा तू लगेच कंटाळलास. तुला गावं हवी होती. विमानाचा कारखाना युद्धात बॉम्बने उडाला, मग त्याच लोकांनी स्कूटर केली आणि पुढे तिचीच तीनचाकी, ही गोष्ट तू मला तीनदा सांगायला लावलीस. तुझं म्हणणं, नंदुरबारातल्या निम्म्या तीनचाकींची ती आजी.

आणि चॉकलेटची गोष्ट! युद्धानंतर कोको मिळेना, म्हणून तिकडच्या एका मिठाईवाल्याने त्यात डोंगरातले बदामासारखे हेझलनट वाटून घातले आणि पुढे जगभर विकलं. तू कप खाली ठेवलास. "आपन करी ते भेसळ, त्यासनी करी ते कंपनी!"

आपलं भांडण इथूनच सुरू झालं आणि ते मिटलं नाही. माझं म्हणणं, त्या मोठमोठ्या कंपन्या म्हणजे शेवटी घराणीच. आजोबा घाम गाळतो, बाप बँका सांभाळतो, नातू समुद्रावर बोट फिरवतो आणि वकिलांमार्फत बहिणीशी बोलतो. त्यात आपण भारावून जावं असं काय आहे? तुझं म्हणणं, "नाव ते शे ना दारवर!" आपल्या गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, सगळं माळरान लाल, येणारा जाणारा ठसकतो. मग ती मिरची पोत्यात भरली जाते आणि दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या पाकिटातून आपल्याच किराणा दुकानात परत येते. तुला त्याचा संताप यायचा. तुझ्या लेखी वस्तू कोणी केली ते वस्तूवर असलंच पाहिजे. मी तुला भाबडा म्हणायचो. पुस्तकं वाचलेला माणूस दुसऱ्याला भाबडा म्हणू शकतो, हा पुस्तकांचा एक फायदा.

तार तुला कशी सुचली ते मला आधी कळलंच नाही. तुझे वडील पिंजण खांद्यावर घेऊन गल्लीत आले की आधी त्या धनुष्याच्या तातेचा, आतड्याच्या ताणलेल्या दोरीचा, आवाज यायचा, मग ते दिसायचे. बायका गाद्या-उशा बाहेर काढायच्या. ठोकळ्याने तात छेडली की दबून दगड झालेला कापूस थरथरत सुटा व्हायचा. कापसाला न मारता मोकळं करायचं, ही तुमच्या घरची विद्या. सातवीनंतर शाळा सोडून तू तीच शिकलास. मग पिंजायच्या गिरण्या आल्या, पिंजण माळ्यावर गेलं आणि तू कारखान्यात फिटर झालास. आणि इतक्या वर्षांनी, बायका लाटण्याने मशीन बडवताना पाहून तुला वडील आठवले. तू हॉपरच्या आत आडवी पोलादी तार ताणलीस. बाहेरून एक दात असा बसवलास, की मशीनच्या प्रत्येक फेऱ्याला तो तार छेडून जाई. टणण्. पूड ढासळली. पाकीट पुरं भरलं. लाटणी घरी गेली.

सहा महिन्यांनी इटलीहून कंपनीचा इंजिनियर आला. त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. आज बोलतो.

शेठनी मला दुभाषा म्हणून बोलावलं. गाडी पाठवली. गाडीत शेठ शेजारी बसले आणि म्हणाले, "सर, ही कंपनी आपला कारखाना नमुना म्हणून दाखवणार आहे. बोलताना कारखान्याचं नाव पुढे राहील असं बघा." मी मान डोलावली. आयुष्यभर मी शाल-श्रीफळाची टिंगल केली. त्या दिवशी कारखान्यात पोचताच शेठनी माझ्या अंगावर शाल घातली तेव्हा ती अंगाला बरी बसते आहे असं मला वाटलं, हे इथे नोंदवतो.

इंजिनियर साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. शेठ त्याला दिवंगत वडिलांचं तैलचित्र दाखवत होते आणि तो मशीनकडे बघत होता. मग त्याने हॉपरमध्ये डोकं घातलं, ठसकला, बोटाने तार छेडली आणि लहान मुलासारखा हसला. "हे कोणी केलं?" त्याने शेठकडे पाहिलंच नाही. तुझ्या हातांकडे पाहिलं. हातांवरून माणूस ओळखणारा होता तो.

मी तुला प्रश्न सांगितला. तू पुढे झालास. तू संकोचशील, ‘शेठची कृपा’ वगैरे म्हणशील असं मला वाटलं होतं. तू सरळ म्हणालास, "हाई मी करेल शे. आम्ही पिंजारी. तात काय करस ते आमले ठाऊक."

शेठ माझ्याकडे बघत होते.

मी इंग्रजीत म्हणालो, "हे आमच्या कारखान्यातच विकसित झालं."

तुझ्या तीन वाक्यांचं मी एक केलं आणि त्यात माणूस ठेवला नाही. इंजिनियरने पुन्हा एकदा तुझ्या हातांकडे पाहिलं, थोडा घुटमळला आणि शेठशी हस्तांदोलन केलं. फोटो निघाला. मध्ये शेठ आणि पाहुणा, कडेला तू, तुझ्या डावीकडे मी, पांढऱ्या शर्टात. शाल मी तोवर घडी करून हातावर घेतली होती. बॅनरवरची बाही माझी आहे, हनीफ. कापूनही निघाली नाही.

त्या संध्याकाळी तू ओट्यावर आलास. शुक्रवार नव्हता. कपातला चहा बशीत ओतत, माझ्याकडे न बघता विचारलंस, "साहेब काय म्हने रे?"

"फार आवडलं म्हणाला."

"मन्हं नाव सांगं का तू?"

"सांगितलं की."

तू बशी संपवलीस. "मंग बेस," म्हणालास आणि उठलास.

दोन वर्षांनी शेठनी दुसरं मशीन मागवलं. पेटारा उघडला तर त्याच्या हॉपरमध्ये आडवी तार, सुबक डबीत बसवलेला दात, डबीवर त्यांच्या कंपनीची पाटी आणि सुट्या भागाचा नंबर. तू मला मुद्दाम बोलावून दाखवलंस. "दख मास्तर. मन्हा दादा इटली जाई उना." तुझे पिंजारी आजोबा, ज्यांनी शहाद्याच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, इटलीला जाऊन पाटी लावून परत आले! तू हसलास, मी हसलो. त्यांना तिकडे ते स्वतंत्रपणे सुचलं असेलही, असं मी म्हणालो. असेलही. मला खरोखर माहीत नाही. पण ते वाक्य मी न्यायाच्या चाडेने बोललो नव्हतो. मी अंग चोरत होतो, आणि तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होतास.

शेठना ‘उद्योगभूषण’ मिळालं. तुला खोकला मिळाला. ती पूड तुझ्या छातीत किती वर्षं बसत होती कोण जाणे. मी मास्क आणून दिले, ते तू बायकांना वाटून टाकलेस आणि स्वतः रुमाल बांधून फिरलास. दवाखान्यात चल म्हटलं की, "मिरचीना माणूस मिरचीले घाबरी का?" हे शौर्य नव्हतं, हनीफ. हा शुद्ध गाढवपणा होता, आणि आता तो तुला तोंडावर सांगता येत नाही याचाही मला राग येतो. डॉक्टरांनी कारण लिहिलं ते वयाचं. तुझं वय माझ्याएवढं. मला तर कुणी अजून नेलेलं नाही.

तुला माती दिली त्याच्या नवव्या दिवशी नसरीन माझ्याकडे आली. तुझी लेक माझ्याच वर्गात इंग्रजी शिकली आणि आता पॅकिंग विभाग सांभाळते, हे मी कौतुकाने सगळ्यांना सांगत असे. इंजिनियर आला त्या दिवशी ती मशीनपासून चार पावलांवर उभी होती, हे मात्र मला कधी आठवलं नाही. तुझी ती पाट्यांची फळी तिने आणली होती. "अब्बा म्हणाले होते, ही सरांना द्यायची." फळीवर शेवटच्या पाटीनंतर एका पाटीएवढी जागा मोकळी, दोन भोकं पाडून ठेवलेली.

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "नसरीन, मला तुझ्या वडिलांना एक सांगायचं राहिलं."

"त्यांना माहीत होतं, सर."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही काय बोललात ते. मी ऐकलं होतं ना. त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. मग ते चप्पल घालून तुमच्याकडे आले."

म्हणजे बशीत चहा ओतताना तुला माहीत होतं. विचारलंस तेव्हा माहीत होतं. मी "सांगितलं की" म्हणालो तेव्हाही.

"परत आल्यावर काय म्हणाले?"

ती तुझ्याच आवाजात म्हणाली, "बोले, मास्तर खुद बताएगा. जल्दी क्या है."

चार वर्षं! चार वर्षांचे शुक्रवार तू येऊन बसलास. टायर आणि चष्मे आणि फरशा ऐकल्यास, माझ्याशी नावावरून वाद घातलास, ‘वस्तू कोणी केली ते वस्तूवर असलंच पाहिजे’ असं माझ्या तोंडावर म्हणत राहिलास, आणि मी तुला भाबडा म्हणत राहिलो. अरे, एकदा कॉलर धरायची होतीस. ओट्यावरून खाली ओढून चार शिव्या द्यायच्या होत्यास, गल्ली गोळा झाली असती तर झाली असती. तुझ्या तोंडात शिव्यांची काही टंचाई नव्हती. शेठने तुझं श्रेय घेतलं, त्याचा राग सोपा आहे, शेठ लोकांकडून दुसरी अपेक्षा कोणी ठेवतं का? तुझ्या सबुरीचा राग मात्र गिळता येत नाही. तू मला वेळ देत राहिलास आणि तो संपू दिलास. आणि तरीही येत राहिलास, याबद्दल तुझे आभार मानायचे तर तेही आता कुठे मानू?

मग मी इटलीला पत्र लिहिलं. तीन पानं. पिंजाऱ्यांची परंपरा, खानदेशातली कारागिरी, इटलीतल्या उद्योगनगरांशी तुलना, माझा पश्चात्ताप, सगळं. चांगलं साधलं होतं. नसरीनला वाचायला दिलं. तिने शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "सर, अब्बा एवढं बोलले नव्हते."

पेन घेऊन तिने परंपरा खोडली, तुलना खोडली, पश्चात्ताप तर पूर्ण परिच्छेदच खोडला. माझ्याच विद्यार्थिनीने माझा निबंध तपासला. एका जागी मी लिहिलं होतं की त्या दिवशी उत्तर चुकीचं दिलं गेलं. त्यावर तिने बोट ठेवलं. "कोणी दिलं?"

मी दुरुस्त केलं. मग पत्र एवढंच उरलं. ‘तुमच्या इंजिनियरांनी नंदुरबारला विचारलं होतं की हॉपरमधली तार कोणी बसवली. मी दुभाषा होतो. मी खोटं उत्तर दिलं. ती हनीफ पिंजारी यांनी बसवली. ते स्वतः तसं म्हणाले होते.’ खाली माझी सही.

"याची एक प्रत शेठना द्यायची," नसरीन म्हणाली.

"अगं, तुझी नोकरी?"

"तार तुटली की कोणाला बोलावतील, सर? ती बसवायला आता मलाच येते."

शेठना प्रत मीच नेऊन दिली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "सर, माणूस गेला. आता कशाला?" मी त्यांना सांगितलं की हाच प्रश्न मी स्वतःला नऊ दिवस विचारला होता आणि त्याचं उत्तर भिंतीपलीकडून मिनिटाला कितीतरी वेळा येतं. त्यांना कळलं की नाही माहीत नाही. कळलं असावं, कारण त्यांनी चहा विचारला नाही.

पत्र टपालात पडलं आहे. तिकडून उत्तर येईल असं मला वाटत नाही. मोठ्या कंपन्यांत अशी पत्रं ठेवायचा एक खण असतो. तुझ्या फळीवरची दोन भोकं मोकळीच आहेत, मी तिथे काही ठोकलेलं नाही. काय ठोकायचं ते नसरीन ठरवेल. फळी मी तिला परत दिली.

आणि उत्तर आलंच, तर लिफाफा मी फोडणार नाही. तसाच तुझ्या घरी पोचवेन. नसरीन तो फोडेल आणि तुला ऐकवायचं तर तिचं ती ऐकवेल. मी मध्ये उभा राहणार नाही.